बसमधली तिसरी प्रवासी

"हिला रंग लावायला नको. देवानं आधीच लावून पाठवलंय."

मेधाताई असं म्हणाल्या आणि सगळे हसले. आम्ही राहतो त्या परक्या शहराच्या समुद्रकाठी, ईस्ट कोस्टला, त्यांच्या कॉन्डोतली फंक्शन रूम. रविवारची दुपार, एसी लावलेला, टेबलावर साबुदाणा वडे. सात-आठ मराठी घरं, त्यांची मुलं. मध्ये उभी माझी मुलगी. अकरा वर्षांची. मित्रा.

तिने आधी मेधाताईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

मी पण हसले.

हे आधी सांगून टाकते. पुढे मी काय केलं ते सांगेन, पण आधी हे. माझ्या मुलीच्या कातडीवर विनोद झाला आणि मी दात दाखवले.

मेधाताई दर रविवारी मुलांचा मराठी वर्ग घेतात. फुकट घेतात, मनापासून घेतात. या वर्षी त्यांनी कार्यक्रम ठरवला होता, अमेरिकेची लोकशाही घडवणारी माणसं. मुलांनी एकेका माणसाचा वेष करायचा आणि मराठीत बोलायचं. अमेरिकाच का, तर त्यांचा वेद दोन-तीन वर्षांत तिकडे शिकायला जाणार. आणखी चार घरांचं तेच स्वप्न. वेदला मिळाला तो मोठा माणूस, सगळी माणसं जन्मतः समान आहेत असं ज्याने लिहिलं. उंच दाढीवाला राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या मुलाकडे. आणि मित्राला ती शिवणकाम करणारी बाई, जी बसमध्ये गोऱ्या माणसासाठी जागेवरून उठली नाही. नावं सगळ्यांना माहीत आहेत. मी घेत नाही.

मित्रा खूश झाली होती. त्या खुशीत तिने तोंड उघडलं.

"आंटी, वेदचा माणूस गुलाम ठेवायचा. घरी. खूप."

"कोणी सांगितलं तुला?"

"आबांनी."

"ते आपल्या कार्यक्रमात नको," मेधाताई म्हणाल्या. मग तिच्या हनुवटीला हात लावून चेहरा उजेडाकडे वळवला, आणि ते रंगाचं बोलल्या.

घरी जाताना बसमध्ये मित्रा खिडकीशी बसली.  टॅम्पिनीसला आमच्या स्टॉपवर उतरताना म्हणाली, "Mummy, why you laugh?"

मी म्हटलं, "मी कुठे हसले?"

"You laugh lah. I saw."

मी का हसले ते सांगायला मागे जावं लागेल.

जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लांटमध्ये मी प्रोसेस इंजिनीअर आहे. सकाळी कंपनीची बस, गेटवर पास दाखवायचा, मग आत. प्लांटचे मॅनेजर सुहास सर, म्हणजे मेधाताईंचा नवरा. मी या देशात राहते ते कामाच्या पासावर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर. मित्रा राहते ती माझ्या पासावर. माझा नवरा जहाजावर सेकंड इंजिनीअर, चार-चार महिने समुद्रात. पास संपत आला की पुढचा अर्ज कंपनी करते, आणि माझ्यापुरती कंपनी म्हणजे सुहास सरांची सही. सही नाही तर पास नाही. नोकरी गेली की महिनाभरात सामान बांधायचं. मुलीची शाळा, भाड्याचा फ्लॅट, सगळं एका सहीला टांगलेलं. या वर्षअखेरीला पास संपणार होता.

मी नवी आले तेव्हा याच मेधाताईंनी मला फ्लॅट शोधून दिला. कुकर दिला, पोळपाट दिला. मित्राला ताप आला तेव्हा डब्यातून खिचडी आणली. हे पण खरं आहे. म्हणूनच जास्त अवघड.

पहिल्याच जेवणाला त्यांनी विचारलं होतं, "मूळच्या कुठल्या?"

"अमरावती."

"आडनावावरून काही कळत नाही हो. आमच्यातल्याच ना?"

पुरी माझ्या हातात होती. समोर सुहास सर. मी म्हटलं, "हो. आमच्याकडे गणपती बसतो."

बसत नव्हता. आमच्या घरात कधीच बसला नव्हता. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी देव्हारा उचलला आणि नदीत सोडून दिला, तो दिवस आमच्या घरात सणासारखा सांगतात. आणि मी त्या आठवड्यात लिटिल इंडियात गेले, वीतभर मूर्ती आणली आणि हॉलमध्ये मांडली. नवऱ्याने जहाजावरून व्हिडिओ कॉलवर पाहिली. म्हणाला, "हे काय?" मी म्हटलं, "असू दे. शोभेला."

मुलीचं खरं नाव संघमित्रा. शाळेतही मित्रा, वर्गातही मित्रा. मेधाताई म्हणाल्या, "बंगाली वाटतं." मी म्हटलं, "हो, आवडलं म्हणून ठेवलं." निळ्या कोटातला फोटो हॉलच्या भिंतीवर होता. पाहुणे यायचे असले की मी तो काढून आतल्या कपाटात ठेवायची. साड्यांच्या मागे. काढताना मी फोटोकडे बघत नसे.

बोलणंही बदललं. 'मले', 'तुले' गिळलं. पुण्याच्या मराठीत बोलायला लागले. इतकी सराईत झाले की स्वप्नातही पुण्याची मराठी.

भीती माणसाला एकदम खात नाही. नखानखाने खाते.

मित्राचे आबा म्हणजे माझे वडील. अमरावतीत एका कॉलेजच्या लायब्ररीत शिपाई होते. त्या लायब्ररीत अमेरिकेची मासिकं फुकट यायची, गुळगुळीत कागदाची. जुनी झाली की रद्दीत जायची. वडील त्यातली चित्रं कापून आणायचे आणि वहीत चिकटवायचे. मी देवांचे चेहरे ओळखण्याआधी ते चेहरे ओळखायची. पांढऱ्या आयाळीचा एक काळा म्हातारा. बोट वर करून बोलणारा पाद्री. चष्म्यातली ती शिवणकाम करणारी बाई.

आता ते रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मित्राकडून पाठ करून घ्यायला लागले. वही कॅमेऱ्यासमोर धरायचे. अर्धं चित्र, अर्धा त्यांचा अंगठा.

"पाय मित्रा, हा मानूस गुलामीत जन्मला. लपूनछपून अक्षरं शिकला. मंग असा बोलला, असा बोलला, का मोठमोठे लोक गप बसून आयकत."

"And Ved's one, Aaba?"

"त्यानं लिवलं, सारे मानसं सारखे. अन् घरी गुलाम पोसले. लिवलेलं खरं हाय. मानूस खोटा निघाला. आपन लिवलेलं धराचं."

"त्या बस आंटीला भीती नाही वाटली?"

"वाटलीच असन. पोलीस येईन, नोकरी जाईन. अन् गेलीच नोकरी, माय."

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. नोकरीचं ऐकलं आणि गॅस बंद करून उभी राहिले. मला वाटलं, वडिलांना सांगावं, हिच्या डोक्यात हे भरू नका. सांगितलं नाही. पण वाटलं.

मग तो शनिवार. मी खाली भाजी आणायला गेले होते. वर आले तर दारात ओळखीच्या चपला. मेधाताई कपड्यांची पिशवी घेऊन न सांगता आल्या होत्या. मित्राने दार उघडलं होतं. त्या सोफ्यावर बसल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर भिंतीवर फोटो.

मला पाहून त्या म्हणाल्या, "अच्छा."

तेवढंच. अच्छा.

माझ्या हातातली पिशवी खाली सुटली. टोमॅटो लोळत त्यांच्या पायाशी गेले. त्यांनी पाय जवळ घेतले.

"मला आधी सांगायचं ना," त्या म्हणाल्या. "आम्ही मानत नाही तसलं काही. इथे कोण मानतं?"

मी पाणी आणलं. त्या म्हणाल्या, "नको, आत्ताच घेतलं." मी चहा विचारला. "नको, उशीर होतोय." ग्लास टीपॉयवर भरलेला राहिला. त्या गेल्यावर मी दाराला कडी लावली आणि मोरीत जाऊन उलटी केली. भीतीने उलटी होते हे मला तेव्हा कळलं.

सोमवारी प्लांटमध्ये सुहास सर कॉरिडॉरमध्ये भेटले. एरवी थांबून बोलायचे. मान हलवून पुढे गेले. मी दिवसभर त्या मानेचा अर्थ लावत बसले.

बुधवारी वर्गाच्या ग्रुपवर नवी यादी आली. शिवणकाम करणारी बाई आता इरा, मेधाताईंची धाकटी. गोरीपान पोरगी. तिच्यासाठी गडद फाउंडेशन मागवलं होतं. मित्रापुढे लिहिलं होतं, बसमधली तिसरी प्रवासी. ड्रायव्हर ओरडला की उठून मागे जायचं. संवाद नाही.

मी फोन केला. घाबरत, शब्द जुळवून. "ताई, तिचं पाठ झालं होतं."

"हो ना, पण तिचं मराठी स्पष्ट नाही. न ला ण, ण ला न. आणि त्या भूमिकेला एक डिग्निटी लागते. मनाला लावून घेऊ नका."

मी म्हटलं, "नाही नाही, बरोबर आहे तुमचं."

बरोबर आहे तुमचं. माझंच वाक्य आहे.

मित्राला मी समजावलं. "छोटं काम पण महत्त्वाचं असतं. उठायचं, मागे जायचं, झालं. आपल्याला इथे राहायचं आहे ना?" ती म्हणाली, "Okay." एवढंच. आबांना तिने काही सांगितलं नाही. रोजचा पाठ चालू ठेवला. सगळा. त्या बाईचाच.

कार्यक्रमाचा दिवस. चाळीस-पन्नास माणसं. पहिल्या रांगेत सुहास सर. वेद छान बोलला, सगळी माणसं समान, टाळ्या पडल्या. दाढीवाला आला, दाढी सुटली, लोक प्रेमाने हसले. मग बस. प्लास्टिकच्या खुर्च्या दोन-दोन लावलेल्या. इरा बसली, तोंडाला तपकिरी रंग, हात मात्र गोरे राहिलेले. तिच्या शेजारी आणि पलीकडे तीन प्रवासी. तिसरी माझी मुलगी, शाळेचे पांढरे बूट घालून.

ड्रायव्हर झालेला मुलगा ओरडला, "उठा! जागा खाली करा!"

दोन मुलं उठली. मागे गेली.

मित्रा बसून राहिली.

"Eh Mitra, stand up lah," तो मुलगा हळूच म्हणाला. लोक हसले. इराला कळेना आता आपण काय करायचं. न उठणारी एकच असायला हवी होती, दोन झाल्या.

मेधाताई कडेला माईक घेऊन उभ्या होत्या. "मित्रा, ऊठ. तुझं काम उठायचं आहे."

"I don't want."

"मराठीत बोल."

"मी उठणार नाही."

न चा न, ण चा ण. एकदम स्पष्ट.

सुहास सर मागे वळले. मला शोधलं. "अहो, बघा जरा. तुमची मुलगी आहे."

मी उठले. हो, मी लगेच उठले. त्यांनी सांगितलं आणि मी उठले. खुर्च्यांमधून जाताना "सॉरी, सॉरी" म्हणत गेले. माझ्या डोक्यात एकच होतं, सही. वर्षअखेर. सही.

मी मित्राचा दंड धरला. तिने दुसऱ्या हाताने खुर्ची घट्ट धरली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला दिसलं, ती मेधाताईंना घाबरलेली नव्हती. सुहास सरांना नव्हती. ती मला घाबरली होती. मी तिला उठवीन म्हणून.

तेवढ्यात मेधाताई कोणाला तरी बाजूला म्हणाल्या, "म्हणूनच या लोकांना कुठे घेऊन यायची सोय नाही."

माईक चालू होता.

सगळ्या खोलीत ऐकू गेलं. या लोकांना.  एक बाई वड्याच्या प्लेटकडे बघत राहिली.

मी दंड सोडला.

"पोरगी नाही उठत," मी म्हटलं. माझ्या तोंडून माझ्या वडिलांचा आवाज आला, अमरावतीचा. मी खुर्चीची पाठ धरली. "मेधाताई, कोणत्या लोकांना?"

"अहो, तसं नाही. मुलांचा कार्यक्रम आहे."

"मी सांगते कोणत्या. तुम्ही विचारलं होतं, तेव्हा मी खोटं बोलले. आमच्याकडे गणपती बसत नाही. आम्ही बौद्ध. आधी गावाबाहेर राहणारे. हिचं नाव मित्रा नाही, संघमित्रा. ते बंगाली नाही."

"इथे जात कोणी काढली? तुम्हीच काढताय!"

"माझ्या घरचं पाणी तुम्ही प्याला नाहीत. त्या दिवशी काढलीत. आमच्यातल्याच ना म्हणालात, तेव्हाही काढलीत. मी गप्प बसले म्हणून ती निघाली नाही असं नसतं."

आवाज फाटत होता. धाडस नव्हतं ते. उंचावरून पाय सुटल्यावर माणूस ओरडतो, तसं होतं. मी संघमित्राचा हात धरला आणि आम्ही बाहेर पडलो. मागून कोणी आलं नाही. एका माणसानेसुद्धा, अहो थांबा, म्हटलं नाही. ज्या बायकांच्या मुलांना मी गणित शिकवलं होतं, त्यांनीही नाही.

घरी आल्यावर मी रडले नाही. कापत राहिले. मुलीने मला पांघरूण दिलं. नवऱ्याला जहाजावर मेसेज टाकला. दोन दिवस उत्तर नाही, रेंज नव्हती. दुसऱ्या सकाळी वर्गाच्या ग्रुपमधून मला काढलेलं होतं. एकीने मला एकटीला मेसेज केला, "तुमचं बरोबर होतं, पण प्लीज माझं नाव कुठे घेऊ नका." ती पण भ्यालेली. मला तिचा राग आला नाही. महिन्यापूर्वी मी तेच लिहिलं असतं.

गुरुवारी सुहास सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. बाकी सगळ्यांशी इंग्रजी, माझ्याशी मराठी.

"जे झालं ते झालं. मी प्रोफेशनल माणूस आहे," ते म्हणाले. "पण टीममध्ये विश्वास लागतो. आणि तुम्ही आमच्याशी खोटं बोललात. दोन वर्षं."

मला कळेना हसावं की काय करावं.

"पास रिन्यूअलच्या आधी तुम्हीच राजीनामा दिलात तर रेकॉर्ड स्वच्छ राहील. पुढे कुठेही मी चांगलं सांगेन. हे बघा, टाइप करून ठेवलंय. वैयक्तिक कारण. फक्त सही."

कागद समोर सरकवला. वर पेन ठेवलं. टोपण काढलेलं.

मी कागद वाचला. सगळा वाचला. टेबलाखाली माझा उजवा पाय उड्या मारत होता, थांबेना. मुलीची शाळा दिसली. फ्लॅटमधली खोकी दिसली. अमरावतीच्या स्टेशनवर दोन बॅगा घेऊन उतरलेली मी दिसले, आणि लोक विचारताहेत, परत का आली. सही केली असती तर हे सगळं जरा सभ्यपणे झालं असतं. त्यांना तेच हवं होतं. मी माझ्या हाताने माझं कारण पुसावं.

मी पेनाला टोपण लावलं.

"सर, कारण वैयक्तिक नाही."

"तुम्ही इमोशनल होताय."

"कामात माझी काय चूक आहे ते सांगा. एक सांगा."

त्यांनी कागद माझ्याकडे आणखी सरकवला.

"मग मी सही करत नाही. पास थांबवायचा तर थांबवा. तुमच्या हातात आहे. पण का थांबवला ते तुम्ही लिहा. तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीने."

"तुम्हाला परिणाम कळताहेत ना?"

"कळताहेत. पाय बघा माझा."

बाहेर आले. टॉयलेटमध्ये जाऊन तोंड धुतलं. मग जागेवर बसून कंपनीच्या एचआरला मेल लिहिली. इंग्रजीत, साधी. कोणी काय विचारलं, कोण काय म्हणालं, आज कोणता कागद पुढे ठेवला. विशेषणं काढून टाकली. 'caste' हा शब्द टाइप करताना बोट अडलं. मग टाइप केला. पाठवली. त्याची प्रत स्वतःला.

हे लिहिते आहे तोवर एचआरचं एका ओळीचं उत्तर आलंय, चौकशी करू. पासाचं काही कळलेलं नाही. कदाचित महिनाभराने आम्ही इथे नसू. रोज सकाळी गेटवर पास मशीनला लावते आणि लाल दिवा लागतो का बघत थांबते. हिरवा लागतो. दुसऱ्या दिवशी परत तेच.

मी शूर झालेली नाही. कोणी तसं समजू नये. मी घाबरते, जेवताना, झोपताना, फोन वाजला की. पण त्यांनी माझी भीती बघितली आहे, माझी सही त्यांना दिसणार नाही. मला काढतील तर कारणासकट काढतील. आणि ते कारण जिथे जाईन तिथे मी मोठ्याने वाचून दाखवीन.